कासवीची नजर

कासवी आपल्या पिल्लांना ना दूध पाजते, ना चारा भरवते. ती दुरून नुसती त्यांच्याकडे बघते आणि त्या नजरेवरच पिल्लं वाढतात, असा दृष्टान्त आपल्या संतवाङ्मयात ठिकठिकाणी येतो. लहानपणी कीर्तनात तो ऐकला की मला फार आवडायचा. पुढे प्राणिशास्त्र शिकले तेव्हा कळलं की खरी कासवी याच्या अगदी उलट असते. ती खड्डा करते, अंडी घालते, वर माती ओढते आणि चालू लागते. पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा त्याला आई ठाऊक नसते आणि आईला पिल्लू ठाऊक नसतं. दहा-पंधरा ग्रॅमचा तो जीव पहिल्या दिवसापासून एकटा, आणि कावळ्यापासून उंदरापर्यंत सगळ्यांच्या दृष्टीनं तो एक घास. म्हणून निसर्गानं त्याला एक सवय लावून दिली आहे: काही दुखलं-खुपलं तरी दाखवायचं नाही. कुत्रं आजारी पडलं तर कण्हतं, मांजर कोपऱ्यात जाऊन बसतं. कासव आजारी पडलं तरी कासवासारखंच बसतं, आणि आपण म्हणतो, "किती शांत आहे नाही!"

तेव्हा संतांची ती कासवी निसर्गात नसली तरी घरात मात्र कुणाला तरी व्हावं लागतं. या लेखात मला मुख्यतः तेच सांगायचं आहे: पिल्लू घरी आणताना काय पाहायचं, रोज कुठे नजर ठेवायची आणि कधी सगळी कामं बाजूला ठेवून व्हेटकडे पळायचं. मी स्वतः प्राण्यांची डॉक्टर नाही. इथल्या शाळेत बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवलं आणि घरात दोन कासवं वाढवली, एवढंच माझं भांडवल.

आपल्या मंडळींच्या घरांत कासवं बरीच दिसू लागली आहेत, आणि त्याची कारणं उघड आहेत. जानेवारीच्या पावसात सकाळी सहाला कुत्र्याला फिरवायला कोण जाणार? मांजराच्या केसांनी एखाद्याचा दमा उसळतो. कासव मुकं, बिनकेसाचं आणि शुद्ध शाकाहारी! शिवाय विष्णूचा दुसरा अवतार. देवळात गाभाऱ्यासमोर फरशीत कोरलेलं कासव आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे मुक्कामाला आलेल्या आजीचीही हरकत नसते. फक्त एक सांगून ठेवते. पितळेचं कासव पाण्याच्या ताटलीत ठेवायची पद्धत हल्ली घरोघरी आहे. ते पाहून खऱ्या कासवालाही खोल पाण्यात ठेवायचा मोह होतो. जमिनीवरच्या कासवाला पोहता येत नाही. ते बुडतं.

आपल्या भाषेत एकच शब्द असल्यामुळे हा घोटाळा होतो. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेनं २००२ पासून जी अंडी राखली, ती समुद्री कासवांची. गावच्या विहिरीतलं ते गोड्या पाण्यातलं. आणि इथे इंग्लंडात मुलं हट्ट करतात ते जमिनीवरचं, खांबासारख्या पायांचं 'टॉर्टॉइज'. तिघांचं खाणं, राहणं, दुखणी सगळं वेगळं.

इंग्लंडला या प्राण्याचं वेड जुनंच. हॅम्पशायरमधल्या सेलबोर्न गावी गिल्बर्ट व्हाइट नावाचे धर्मोपदेशक होते, निसर्गाचे मोठे अभ्यासक. त्यांच्या आत्याबाईंकडे ससेक्समध्ये 'टिमथी' नावाचं कासव होतं. आत्याबाई गेल्यावर १७८० च्या मार्चमध्ये व्हाइटनी त्याला थंडीच्या झोपेतून उकरून काढलं, मातीच्या पेटीत घातलं आणि घोडागाडीनं ऐंशी मैल सेलबोर्नला आणलं. प्रवासाच्या खडखडाटानं ते इतकं जागं झालं की बागेत सोडल्याबरोबर दोनदा थेट टोकापर्यंत चालून आलं. संध्याकाळी गारठा पडताच पुन्हा मातीत शिरलं. व्हाइट त्याचं वजन करून टिपून ठेवत, ते कधी झोपतं नि कधी उठतं याच्या नोंदी करत. त्याच्या मरणानंतर कधीतरी कळलं की टिमथी मुळात बाई होती! त्या कासवाचं कवच लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. बीबीसीच्या 'ब्लू पीटर' कार्यक्रमातल्या 'फ्रेड'चंही पुढे 'फ्रेडा' झालं. कासवाच्या पिल्लाचा नर-मादी भेद पहिली काही वर्षं कळतच नाही, म्हणून बारशाला घाई नको. नाव असं ठेवावं की दोन्हीकडे चालेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र या वेडाचं रूप ओंगळ झालं. मोरोक्को, तुर्कस्तान, युगोस्लाव्हियातून पेट्यांत एकावर एक रचलेली कासवं इथे येत आणि खेळण्यांसारखी विकली जात. दोरी बांधता यावी म्हणून कवचाच्या कडेला भोक पाडत. कवच म्हणजे जिवंत हाड आहे, त्याला संवेदना असते, हे कुणाच्या गावीही नसे. त्यातली बरीच पहिला हिवाळासुद्धा पाहत नसत. १९८४ साली युरोपीय समुदायानं भूमध्य समुद्राकाठच्या रानटी कासवांच्या व्यापारावर बंदी घातली, आणि तेव्हापासून इथे घरी पैदास केलेली पिल्लं विकत मिळतात.

म्हणून पहिला मुद्दा कागदाचा. 'हर्मन्स', 'स्पर-थाइड' किंवा 'मार्जिनेटेड' जातीचं पिल्लू विकणाऱ्याकडे 'आर्टिकल १०' प्रमाणपत्र असलं पाहिजे. ते सरकारची 'ॲनिमल अँड प्लँट हेल्थ एजन्सी' देते. विकणारा "नंतर पोस्टानं पाठवतो" म्हणाला, तर आपण पैसेही नंतर पाठवावेत. 'हॉर्सफील्ड' जातीला हा कागद लागत नाही, म्हणून दुकानांत ती जास्त दिसते. दरवेळी कुणीतरी विचारतंच, की भारतातून ते सुंदर चांदण्यांचं कासव आणता येईल का? मुळीच नाही. भारतात ते वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. घरात पाळणंसुद्धा गुन्हा आहे. २०१९ मध्ये तर आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारातही त्याला सगळ्यांत कडक यादीत टाकलं गेलं. सामानात कासवं लपवून नेणाऱ्यांना विमानतळावर पकडल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

पिल्लू निवडताना दुकानापेक्षा घरी पैदास करणारा माणूस बरा. त्याच्याकडे आई-बाप पाहायला मिळतात. पिल्लू आपल्यासमोर खाताना पाहावं. हातात घेतलं की ते आकाराच्या मानानं जड लागलं पाहिजे, भरलेल्या करंजीसारखं. पोकळ हलकं लागलं तर नको. डोळे टक्क उघडे, नाक कोरडं, आणि उचलल्यावर पाय जोरात झाडणारं असावं. "बिचारं एका कोपऱ्यात गप्प बसलंय, हेच घेऊ या," असं मुलं हमखास म्हणतात. तिथे मन घट्ट करायचं.

घरी आणण्याआधी निदान दोन-तीन दिवस त्याचं बिऱ्हाड लावून, दिवे पेटवून, थर्मामीटरनं तापमान तपासून ठेवावं. बाळ घरी आल्यावर पाळणा शोधत बसत नाही आपण. उघडी लाकडी पेटी असावी की बंद, यावर जाणत्यांत वाद आहेत. मी त्यात पडत नाही. लागतं काय, तर एका टोकाला दिव्याखाली ३० ते ३५ अंश सेल्सियसची ऊबदार जागा, दुसऱ्या टोकाला वीस-बावीस अंशांची सावली, आणि लपायला एक घरकुल. कासवाच्या रक्ताला स्वतःची ऊब नसते. ऊब मिळाली नाही तर खाल्लेलं पचत नाही, औषधसुद्धा नीट लागू पडत नाही.

दुसरा दिवा अतिनील किरणांचा, ज्याला इथे यूव्हीबी म्हणतात. कासव त्या किरणांच्या मदतीनं कातडीत ड जीवनसत्त्व तयार करतं, आणि त्याशिवाय पोटात गेलेलं कॅल्शियम हाडाला नि कवचाला लागत नाही. खिडकीतून ऊन येतं हो, पण काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते. आणि या दिव्याची गंमत अशी की उजेड पडत राहतो पण किरण संपलेले असतात. म्हणून बनवणाऱ्यानं सांगितलेल्या मुदतीनं, सहसा सहा ते बारा महिन्यांनी, तो बदलायचाच.

खाली साधी माती आणि नारळाच्या काथ्याचा भुसा यांचं मिश्रण घालावं आणि ते किंचित ओलसर ठेवावं. पूर्वी सांगत की कासव म्हणजे वाळवंटी प्राणी, त्याला कोरडंच ठेवा. पण रानातली पिल्लं गवताच्या बुडाशी, ओलसर मातीत दडून राहतात. व्हिएन्नातल्या संशोधकांनी २००३ मध्ये आफ्रिकन कासवांच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवलं की कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लांच्या पाठीवर उंचवटे येतात, दमट हवेतल्यांची पाठ गुळगुळीत राहते, आणि आहारातल्या प्रथिनांपेक्षा हवेचा परिणाम मोठा. सेंट्रल हीटिंगच्या आपल्या घरांत हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. एकदा आलेले उंचवटे जात नाहीत.

आणि रोज आंघोळ! बशीत कोमट पाणी, वरचं नि खालचं कवच जुळतं तिथपर्यंत, दहा-पंधरा मिनिटं. ते पाणी पितं, शी-शू करतं आणि ताजंतवानं होतं. आंघोळीच्या वेळी कुणीतरी समोर बसायचं. माझ्या मते दिवसभरातली हीच सर्वांत मोलाची पंधरा मिनिटं, कारण तेव्हाच आपण त्याला खरं निरखतो.

पहिले आठ दिवस मात्र पाहुणे बोलावून दाखवायचे नाहीत. टिमथी प्रवासानं खडबडून बाग तुडवत गेला, पण बहुतेक पिल्लं उलट करतात, मातीत शिरून बसतात, पहिला दिवस-दोन दिवस नीट खातही नाहीत. एवढ्यानं घाबरायचं कारण नाही. सकाळी दिवा लागल्यावर उचलून उबेत ठेवावं, आंघोळ घालावी, समोर पाला ठेवावा आणि बाजूला व्हावं.

आता घरात आधीचं कासव असेल तर. इथे मी थोडी थांबणार आहे, कारण सगळ्यांत जास्त पिल्लं इथेच जातात असं माझं मत झालं आहे. ओळखीच्या एका कुटुंबात सत्तरीच्या दशकात घेतलेलं स्पर-थाइड कासव होतं. घरातल्या मुलांबरोबर वाढलेलं, चाळीस वर्षांत एकदा शिंकलंसुद्धा नव्हतं. नातीच्या वाढदिवसाला हर्मन्सचं पिल्लू आणलं आणि "एकट्याला करमणार नाही" म्हणून दोघांना एकाच आवारात सोडलं. म्हाताऱ्यानं त्याला काही केलं नाही. दोघं एकाच पानावर तोंड टाकायची, फोटो फार गोड आहेत. पाचव्या आठवड्यात पिल्लानं खाणं सोडलं. तोंडात पिवळा थर आला, लाळ गळू लागली. आठवड्याभरात ते गेलं. व्हेटनी सांगितलं, कासवांमधला हर्पिस विषाणू. म्हाताऱ्याच्या अंगात तो कित्येक वर्षं मुकाट बसलेला होता. स्पर-थाइड जातीची कासवं तो बाळगून धडधाकट राहू शकतात, हर्मन्सना तो मारतो. त्या मुलीला समजावताना घरच्यांच्या नाकी नऊ आले. तिला वाटे, म्हाताऱ्यानं पिल्लाला मारलं.

तेव्हा दोन जाती एकत्र कधीच नाहीत. एकाच जातीची असली तरी नवं पिल्लू निदान सहा महिने, जमल्यास वर्षभर, वेगळ्या खोलीत. पाण्याची बशी वेगळी, चिमटा वेगळा. आधी जुन्याचं करायचं, मग नव्याचं, आणि मध्ये हात धुवायचे. या काळात दोघांच्या विष्ठेची तपासणी व्हेटकडून करून घ्यावी. त्यानंतरही आकारात फार फरक असेल तर एकत्र ठेवू नये, मोठं कासव चावतं, ढकलतं, पिल्लाला उलटं पाडतं. आणि "करमणार नाही" ही काळजी आपली आहे, कासवाची नव्हे. त्याला सोबतीची गरज नसते.

खाण्याच्या बाबतीत आपल्या स्वयंपाकघराचा फारसा उपयोग नाही हे प्रथम मान्य करावं. डाळी, मोड आलेली कडधान्यं, भात, पोळी, पनीर, काहीही नाही. नागपंचमीच्या दिवशी नागापुढे दूध ठेवतात, तेही त्याला पचत नाही, तर कासवाला कुठलं! फळंही नकोत; त्यांतल्या साखरेनं या जातींची पोटं बिघडतात. पालक रोज दिला तर त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. कोथिंबिरीच्या चार काड्या कधीमधी चालतील. खरं अन्न आहे ते आपण बागेतून उपटून फेकतो ते तण: डँडेलायन, प्लँटेन, सो-थिसल, मॅलो. बागेत औषध मारलेलं नसावं, रस्त्याकडेचं तोडू नये, आणि ओळख पटल्याशिवाय काही घालू नये. बटरकप, फॉक्सग्लव्ह, डॅफोडिल, रॅगवर्ट, यू ही सगळी विषारी. आपल्यातल्या ज्यांनी गणपतीसाठी घरात जास्वंद जपली आहे त्यांना एक आनंदाची बातमी: जास्वंदीचं फूल आणि पान कासवांना फार आवडतं. एक फूल देवाला, एक कूर्माला. पाल्यावर कॅल्शियमची पूड चिमूटभर भुरभुरावी आणि पेटीत कटलफिशचं हाड ठेवावं.

आता दुखण्यांकडे. रोज बघायच्या जागा ठरवून घेतल्या की नजर आपोआप तिकडे जाते. मी डोळ्यांपासून सुरू करते. डोळे सुजलेले किंवा मिटलेले राहत असतील तर कारणं पुष्कळ: पाणी कमी, हवा कोरडी, अ जीवनसत्त्वाची कमतरता, संसर्ग, चुकीचा दिवा. पण पिल्लाच्या बाबतीत धोका लगेचचा असतो, कारण ते अन्न डोळ्यांनी शोधतं. दिसत नाही म्हणून खात नाही, खात नाही म्हणून आणखी अशक्त होतं. दोन दिवस डोळे मिटलेले दिसले तर तिसऱ्याची वाट पाहू नये.

मग नाक. आंघोळीनंतर नाकातून पाण्याचा थेंब आला तर ते दुखणं नव्हे. पण कोरड्या अंगाला नाक ओलं, फुगे येताहेत, नाकपुड्यांभोवती कवडी जमते आहे, हे सर्दीसारखं दिसलं तरी आपल्यासारखी सर्दी नसते. कासवाला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, त्यामुळे ते खोकून छाती मोकळी करू शकत नाही. वर साचलेलं खाली उतरतं. मायकोप्लाझ्मा नावाचे जंतू, तो हर्पिस विषाणू, किंवा नुसतं नाकात अडकलेलं गवताचं कुसळ, यांतलं काय आहे ते तपासल्याशिवाय कळत नाही. मान लांब करून, तोंड उघडून श्वास घेत असेल, शीळ वाजल्यासारखा आवाज येत असेल, तर त्याच दिवशी व्हेट. तोंडाच्या आत पिवळसर थर किंवा चिकट लाळ दिसली तरीही त्याच दिवशी.

कानाच्या जागी, डोळ्यामागे, गोटीएवढी सूज आली तर ते बहुधा गळू. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू पातळ नसतो, पनीरासारखा घट्ट असतो; शेकून तो बाहेर येत नाही, शस्त्रक्रियाच करावी लागते.

कवचाबद्दल नवख्या मंडळींना फार शंका असतात. अगदी लहान पिल्लाचं कवच थोडं लवचीक असतंच, आपल्या नखासारखं. महिने उलटत जातील तसं ते टणक व्हायला हवं. मोठं होऊनही दाबल्यावर दबत असेल, कडा वर वळत असतील, जबडा मऊ वाटत असेल, तर कॅल्शियम किंवा अतिनील किरण कमी पडताहेत, आणि तोपर्यंत आतली हाडंही ठिसूळ झालेली असतात. खालचं कवच उलटं करून आठवड्यातून एकदा जरूर बघावं. तिथे खवल्यांखाली गुलाबी-लालसर झाक पसरलेली दिसली तर रक्तात जंतू गेल्याची शक्यता असते. अशा वेळी तासांना किंमत आहे. वास येणारा, ओलसर खड्डा म्हणजे कवच कुजण्याची सुरुवात. एक विनंती, कवचाला खोबरेल तेल चोळू नका. चकाकतं छान, पण तेलावर माती बसते नि जंतूंना घर मिळतं.

निरोगी पिल्लू चालताना पोट जमिनीपासून उचलून चालतं. फरपटत चालणारं, मागचे पाय ओढणारं, उचलल्यावर हातात लोळागोळा होणारं पिल्लू आजारी आहे. शी गडद आणि बांधलेली असावी. पातळ, घाण वासाची किंवा पांढऱ्या दोऱ्यांसारखे जंत असलेली नसावी. लघवीबरोबर पांढरं मलईसारखं काही पडतं ते नैसर्गिक आहे. तेच रवाळ, वाळूसारखं झालं तर पाणी कमी पडतंय. शेपटीखालून मांसल भाग बाहेर आलेला दिसला तर तो आत ढकलायचा प्रयत्न करू नये. ओल्या स्वच्छ फडक्यानं झाकून तडक निघावं.

या सगळ्यांआधी जे कळतं ते मात्र डोळ्यांना नव्हे, काट्याला. दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, खाण्याआधी वजन. एक ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा पुरतो. फक्त तो कासवाचाच ठेवा, त्यावर पुन्हा बेसन मोजायचं नाही. शू झाली की ग्रॅम-दोन ग्रॅम इकडेतिकडे होतात, त्याचं काही नाही. सलग दोन आठवडे उतरतं वजन म्हणजे मात्र काहीतरी बिनसलं आहे, पिल्लू कितीही टवटवीत दिसो. व्हाइटसाहेब करत होते तेच, वहीत तारीख नि आकडा. मोठ्या हर्मन्स व स्पर-थाइड कासवांसाठी ऑलिफंट जॅक्सन यांनी लांबी आणि वजन यांचा जो तक्ता केला तो पुष्कळांना माहीत असेल. तो पिल्लांना किंवा हॉर्सफील्डला लावू नये.

पिल्लू खात नसेल तर व्हेटला फोन करण्याआधी थर्मामीटर बघा. निम्म्या वेळा दिवाच गेलेला असतो. तापमान बरोबर आहे आणि तरी तीन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, तर फोन. तोपर्यंत आजारी पिल्लाला रात्रीही गार पडू देऊ नये. आणि आपला घरगुती बटवा कृपा करून बंदच ठेवा. हळद नाही, मध नाही, ओव्याची धुरी नाही, नाकाला बाम तर नाहीच नाही. कुत्र्या-मांजरांच्या जंतांच्या औषधातला उरलेला थेंबही नाही: आयव्हरमेक्टिन हे औषध त्या प्राण्यांना चालतं, कासवांना ते जीवघेणं ठरतं.

उलट बाजूनं, कासवाच्या अंगावरचे साल्मोनेला जंतू माणसाला त्रास देतात, कासव स्वतः अगदी ठणठणीत असलं तरी. हात लावल्यावर साबणानं धुणं, आंघोळीची बशी किचनच्या सिंकमध्ये न धुणं, पाच वर्षांखालच्या मुलांना हाताळू न देणं, मुके न घेणं. गर्भार लेक-सून माहेरपणाला आली असेल तर तिनंही लांबच राहावं.

दिवाळीच्या सुमारास दिवस लहान होतात आणि इथे जन्मलेल्या कासवालाही झोप आठवते. झोपवायचं की नाही हा निर्णय पहिल्या वर्षी व्हेटला विचारूनच घ्यावा. निरोगी, पुरेशा वजनाच्या पिल्लालाच झोपवतात, तेही थोडे आठवडे, पाचएक अंशांच्या स्थिर गारव्यात. शून्याच्या खाली डोळे नि मेंदू गोठतात, दहाच्या वर ते अर्धवट जागं होऊन शिल्लक चरबी जाळत बसतं. म्हणूनच हल्ली त्यासाठी वेगळा छोटा फ्रिज ठेवतात. आजारी पिल्लाला कधीही झोपवू नये; दिवे चालू ठेवून हिवाळा जागवून काढावा. डिसेंबरात आपण भारतात आणि कासव फ्रिजमध्ये, हा हिशेब काहींना फार सोयीचा वाटतो. पण तो फ्रिज दर दोन दिवसांनी हवा येण्यासाठी उघडावा लागतो, तापमान बघावं लागतं, वजन करावं लागतं. किल्ली शेजाऱ्याला देऊन जायचं असेल तर त्याला आधी दोन आठवडे शिकवून मग तिकीट काढा.

सगळेच व्हेट कासव पाहत नाहीत. म्हणून पिल्लू आणण्याआधीच आपल्या भागात सरपटणारे प्राणी पाहणारा कोण, तो किती लांब, शनिवारी-रविवारी कोण असतं, हे विचारून ठेवा. 'ब्रिटिश कलोनिया ग्रुप' ही १९७६ पासूनची संस्था अशी चौकशी करायला चांगली जागा आहे. विमा मिळतो, आणि एका शस्त्रक्रियेचं बिल पाहिलं की तो का घ्यावा हेही कळतं. नेताना झाकण असलेल्या खोक्यात टॉवेल, शेजारी फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली. वजनाची वही, पेटीतल्या तापमानाचे आकडे, दिव्याची तारीख, आणि मिळाली तर ताजी विष्ठा डबीत घालून सोबत न्यावी. हर्मन्स कासवं पन्नास-साठ वर्षं सहज जगतात. व्हेटच्या फॉर्मवर 'मालक' या रकान्यात आमच्याकडे आता लेकीचं नाव घातलं आहे.